लिस्बनचे जुने शहर गेले कुठे?

पुढच्या वसंत ऋतूत लिस्बनला जाणाऱ्या एका वाचकांनी विचारले आहे की, हे शहर रोमपेक्षाही जुने असल्याचे सांगतात, मग त्याच्या ऐन मध्यभागाची छायाचित्रे पाहिली तर सगळ्या इमारती एकाच उंचीच्या, सगळे रस्ते फूटपट्टीने आखल्यासारखे आणि सगळे बांधकाम एकाच माणसाने केल्यासारखे का दिसते? १७५५ च्या भूकंपाने सगळे जुने शहर पुसून टाकले असेल, तर तेथे जाऊन नेमके पाहायचे तरी काय?

मी संरचना अभियंता आहे. जुन्या इमारतींची तपासणी आणि मजबुतीकरण हे माझे काम असून त्यातील बरीच वर्षे लिस्बनमधील अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातील घरांवर गेली आहेत. त्यामुळे माझे उत्तर राजांच्या वंशावळीने सुरू होत नाही, ते पायाखालच्या जमिनीपासून सुरू होते. लिस्बनचा इतिहास मला एका वाक्यात सांगायचा झाला तर तो असा: नदीकाठच्या व्यापारासाठी या शहराने शतकानुशतके आपला सर्वांत मोलाचा भाग सर्वांत वाईट जमिनीवर वसवला, आणि त्या जमिनीशी प्रत्येक पिढीने आपापल्या परीने झुंज दिली. जुने शहर नाहीसे झालेले नाही. त्यातले बरेचसे त्याच जमिनीत, आजच्या रस्त्यांच्या खाली आहे.

लिस्बन तेजू नदीच्या उत्तर काठावर आहे. इंग्रजी नकाशांवर ही नदी टॅगस या नावाने आढळते. समुद्राला मिळण्यापूर्वी ती एका विस्तीर्ण, उथळ खाडीसारखी पसरते आणि मग अरुंद होऊन अटलांटिककडे जाते. वादळापासून सुरक्षित असे इतके मोठे बंदर त्या किनाऱ्यावर दुसरे नाही. काठावर टेकड्या आहेत. पूर्वेच्या टेकडीवर किल्ला, पश्चिमेच्या चढावर कार्मू आणि शियादू हे भाग, आणि या दोहोंच्या मधली सखल जागा म्हणजे बायशा, अर्थात ‘खालचा भाग’. आपण छायाचित्रांत पाहिलेले सरळ रस्ते याच बायशाचे आहेत. ही जागा मुळात जमीनच नव्हती. नदीचा एक फाटा येथे आत शिरत असे, उत्तरेकडून येणारे ओहोळ त्यात उतरत असत आणि बोटी आजच्या भर बाजारपेठेच्या जागी येऊन लागत असत. ओहोळांनी आणलेला गाळ, नदीची वाळू आणि माणसांनी टाकलेला भराव यांनी हा फाटा मध्ययुगात हळूहळू बुजला. कोकणात खाडी बुजवून उभारलेली वस्ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अशा जमिनीचा स्वभाव सांगावा लागत नाही. ती ओझ्याखाली खचते, तिच्यात पाणी कायम असते आणि भूकंपात ती घट्ट खडकापेक्षा कितीतरी जास्त हलते.

येथे पहिल्यांदा बंदर म्हणून आले ते भूमध्य समुद्राच्या पूर्व टोकाकडचे फिनिशियन व्यापारी. कॅथीड्रलच्या टेकडीवरील उत्खननांत त्यांच्या काळच्या, म्हणजे इसवी सनापूर्वी आठव्या-सातव्या शतकाच्या सुमाराच्या, भांड्यांचे अवशेष मिळाले आहेत. रोमन लोकांनी या गावाला ‘फेलिसितास युलिया ओलिसिपो’ असे नाव आणि नगराचा दर्जा दिला. किल्ल्याच्या दक्षिण उतारावर त्यांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात नाट्यगृह बांधले, तर खाली पाण्याकाठी मासे खारवण्याचे कारखाने उभे केले. त्या हौदांत मासळी आणि मीठ यांपासून एक आंबवलेला रस तयार होई आणि तो मातीच्या कुंभांत भरून साम्राज्यभर जाई. म्हणजे त्या काळापासूनच वाटणी ठरली होती: देव, नाटक आणि सत्ता टेकडीवर, पैसा खाली चिखलात.

रोमन अभियंत्यांना हा चिखल नीट ओळखता आला होता, याचा पुरावा मला या शहरातील कोणत्याही राजवाड्यापेक्षा मोलाचा वाटतो. भूकंपानंतर बायशाची पुनर्बांधणी चालू असताना १७७१ मध्ये आजच्या ‘रुआ दा प्राता’ या रस्त्याखाली दगडी कमानींची भुयारे सापडली. सुरुवातीला लोकांना ते स्नानगृह वाटले, पुढे तेथे पाणी साठत असल्याने ती टाकी मानली गेली. आज अभ्यासकांचे मत असे आहे की, तो एक प्रकारचा पोकळ पाया आहे. मऊ जमिनीवर मोठी इमारत थेट ठेवण्याऐवजी रोमन लोकांनी आधी खाली कमानींची जाळी बांधली, तिच्या योगाने सपाट आणि पक्के असे जोते तयार केले आणि त्यावर इमारती चढवल्या. सतराशे वर्षांनी त्याच जागी घरे बांधणाऱ्यांना हा पाया इतका भक्कम वाटला की, त्यांनी तो फोडला नाही. त्यावरच त्यांनी आपल्या भिंती टेकवल्या आणि आजही त्या तशाच उभ्या आहेत.

आठव्या शतकापासून पुढची चारशे वर्षे लिस्बन मुस्लिम सत्तेखाली होते आणि त्याचे नाव ‘अल-उशबूना’ असे होते. किल्ल्याच्या पूर्वेकडील आल्फामा या वस्तीचे नाव अरबीतील गरम पाण्याच्या झऱ्यांच्या शब्दावरून आले आहे, आणि तेथील बोळांची वळणे, पायऱ्या, आंधळ्या गल्ल्या यांत त्या काळाची आखणी अजूनही ओळखू येते. ११४७ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सु एन्रीकेश याने पॅलेस्टाइनकडे निघालेल्या इंग्रज, फ्लेमिश आणि जर्मन धर्मयोद्ध्यांची मदत घेऊन शहराला वेढा घातला. वेढा जुलैपासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत चालला. शहर पडल्यावर मोठ्या मशिदीच्या जागी कॅथीड्रल उभे राहिले आणि उरलेल्या मुस्लिमांना तटाबाहेर, टेकडीच्या उत्तर उतारावर वस्ती दिली गेली. तिचे नाव आजही मोरारिया असेच आहे. तेराव्या शतकाच्या मध्यावर राजदरबार कोइंब्रा सोडून लिस्बनमध्ये स्थिरावला. त्यानंतर गाव टेकडीवरून खाली उतरू लागले, आणि १३७३ ते १३७५ या काळात राजा फर्नांदू याने बांधलेल्या नव्या तटाने बायशाचा सगळा भाग कवेत घेतला. फाटा तोपर्यंत बहुतांश बुजला होता आणि त्यावर दाट वस्ती झाली होती.

यानंतरची गोष्ट आपल्या किनाऱ्याशी जोडलेली आहे. १४९७ च्या जुलैमध्ये वास्को द गामा लिस्बनच्या पश्चिमेकडील बेलें येथून निघाला आणि पुढच्या वर्षी कालिकतला पोहोचला. या एका प्रवासाने लिस्बनचे पारडे कायमचे नदीकडे झुकले. राजा मानुएल याने किल्ल्यातील जुना वाडा सोडला आणि अगदी पाण्याला लागून, त्याच भरावावर, नवा राजवाडा बांधला. त्याचे नाव ‘पासु दा रिबेइरा’, म्हणजे काठावरचा वाडा. हिंदुस्थानच्या व्यापाराचा सगळा हिशेब ठेवणारे ‘काझा दा इंदिया’ हे खाते याच वाड्याच्या आसऱ्याला होते आणि शेजारीच जहाजे बांधण्याची गोदी होती. राजा आपल्या खिडकीतून मिऱ्यांची पोती उतरताना पाहू शकत होता. सुरक्षित टेकडी सोडून राजाने स्वतः चिखलावर राहायला यावे, ही त्या काळच्या मिऱ्यांची किंमत होती. बेलें येथील जेरोनिमुश मठाच्या बांधकामासाठी पूर्वेच्या व्यापारातील उत्पन्नाचा विसावा हिस्सा, म्हणजे पाच टक्के, लावून दिलेला होता. मठाच्या खांबांवरील दगडी दोरखंड, शंख आणि समुद्री वनस्पती पाहताना ही गोष्ट लक्षात ठेवावी.

१५१५ मध्ये गुजरातचा सुलतान मुजफ्फरशाह याने गोव्याचा पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सु द आल्बुकर्क याला भेट दिलेला एक गेंडा गोव्याहून जहाजात चढवण्यात आला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा आल्याची नोंद त्यापूर्वी नाही. पुढे पोपकडे पाठवला जात असताना जहाज फुटून तो बुडाला, परंतु त्याच सुमारास बांधल्या जात असलेल्या बेलेंच्या बुरुजावर एका टेकूच्या खाली त्याचे दगडी डोके कोरलेले आहे. वारा-पावसाने ते बरेच झिजले आहे, तरी शोधले तर सापडते. याच बंदरातून १५७९ च्या एप्रिलमध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्याला निघाला. पुढे मराठी भाषेची तुलना रत्नांतील हिऱ्याशी करणारा ‘क्रिस्तपुराण’कर्ता तो हाच. मराठी माणसासाठी या काठावर उभे राहून आठवण्याजोगी ही गोष्ट आहे.

या वैभवाची दुसरी बाजूही त्याच बायशात घडली. १४९६ मध्ये ज्यूंना देश सोडण्याचा किंवा धर्म बदलण्याचा हुकूम निघाला, आणि १५०६ च्या एप्रिलमध्ये सांतु दुमिंगुश चर्चपासून सुरू झालेल्या दंगलीत धर्मांतरित ज्यूंची सर्रास कत्तल झाली. १५३६ पासून इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मद्रोहाचा आरोप असलेल्यांची चौकशी करून शिक्षा देणारे, न्यायालय सुरू झाले, ज्याची शाखा १५६० मध्ये गोव्यात आली. सोळाव्या शतकाच्या मध्यास शहरातील दर दहा माणसांतील सुमारे एक गुलाम होता. गोदीवर, बाजारात, घरांत पाणी भरताना याच माणसांचे हात राबत होते.

आणि जमिनीने याही काळात इशारा दिला होता. १५३१ च्या जानेवारीत मोठा भूकंप झाला आणि शहराची प्रचंड हानी झाली. त्याआधी चौदाव्या शतकातही असे धक्के बसले होते. प्रत्येक वेळी लोकांनी त्याच जागी, त्याच अरुंद गल्ल्यांत, त्याच पद्धतीने पुन्हा बांधले, कारण जहाजे तेथेच लागत होती. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालवर स्पेनच्या राजांची सत्ता आली आणि गेली. १६६१ च्या विवाह-करारात काठावरच्या त्याच वाड्यातील राजघराण्याने आपल्या कॅथरीन या मुलीच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला मुंबई आंदण दिली. आपल्या मुंबईचा पुढचा इतिहास ज्या कराराने बदलला, त्याची कारणे लिस्बनला स्पेनपासून मिळवायच्या संरक्षणात होती. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा लिस्बनची तिजोरी पूर्वेवर फारशी अवलंबून उरली नव्हती, ती ब्राझीलच्या सोन्याने भरत होती. त्याच काळात शहराला पाणी पुरवणारा ‘आग्वाश लिव्रेश’ हा जलसेतू बांधला गेला आणि १७४८ मध्ये त्यातून पाणी येऊ लागले. आल्कांतारा दरीवर त्याच्या ३५ कमानी आहेत आणि त्यांतील सर्वांत उंच कमान सुमारे ६५ मीटर उंचीची आहे. सात वर्षांनी आलेल्या भूकंपात तो सेतू उभा राहिला.

१ नोव्हेंबर १७५५ हा सर्व संतांचा सण होता आणि सकाळी साडेनऊच्या पुढे चर्चे भरलेली होती. भूकंपाचे केंद्र नैऋत्येला अटलांटिकच्या तळाशी होते. हादरे कित्येक मिनिटे चालले. दगडी घुमट आणि कमानी गर्दीवर कोसळल्या. वाचलेले लोक मोकळी जागा म्हणून नदीकाठी धावले, आणि सुमारे तासाभराने नदीतून त्सुनामीच्या लाटा आत आल्या. सणासाठी लावलेल्या मेणबत्त्या आणि घराघरांतील चुली यांमुळे लागलेली आग पाच-सहा दिवस धुमसत होती. सुमारे दोन लाख वस्तीच्या शहरात मेलेल्यांचे अंदाज दहा हजारांपासून साठ हजारांपर्यंत केले गेले आहेत. काठावरचा राजवाडा, त्यातील ७०,००० ग्रंथांचा संग्रह, सहा-सात महिन्यांपूर्वीच उघडलेले भव्य संगीत-नाट्यगृह आणि हिंदुस्थानच्या व्यवहाराची दप्तरे हे सारे गेले.

सगळे नुकसान मऊ जमिनीमुळे झाले असे मात्र समजू नये, कारण माझ्या क्षेत्रातील लोकही कधी कधी इतके सोपे विधान करतात. कार्मूचा मठ चढावर होता, तरी त्याचे जड दगडी छप्पर कोसळले. किल्ल्याची पडझड झाली आणि कॅथीड्रलचेही मोठे नुकसान झाले. त्याउलट पश्चिमेच्या उंचवट्यावरील, सोळाव्या शतकात सरळ रस्त्यांनी आखलेली बाइरू आल्तू ही वस्ती बरीचशी वाचली आणि आल्फामाचे बोळही पुष्कळ प्रमाणात टिकले. जमीन, बांधकामाचे वजन, उंची, भिंतींचे एकमेकींशी असलेले बंध आणि शेवटी आग, या सर्वांचा तो एकत्रित परिणाम होता. तरी बायशाच्या बाबतीत हे सगळे घटक एकाच ठिकाणी एकवटले आणि तेथे उभे असे फारच थोडे उरले.

या ठिकाणी ज्या माणसाचे नाव घेतले पाहिजे तो म्हणजे राज्याचा मुख्य अभियंता मानुएल दा माया. प्रवासी पुस्तके सगळे श्रेय पोंबालचा मार्किस या राजाच्या बलाढ्य मंत्र्याला देतात, आणि सत्ता, पैसा, हुकूम हे त्याचे होते हे खरेच आहे. परंतु विचार मायाचा होता. भूकंपाच्या वेळी त्याचे वय ७८ होते. राज्याचे दप्तर त्याच्याच ताब्यात होते आणि किल्ल्यातील ज्या बुरुजात ते ठेवलेले होते तो कोसळल्यावर त्या ढिगाऱ्यातून कागद वाचवण्याचे काम त्याने केले. ४ डिसेंबर रोजी, म्हणजे आपत्तीला पाच आठवडेही पूर्ण झाले नसताना, त्याने आपल्या निवेदनाचा पहिला भाग सादर केला. त्यात पाच पर्याय होते: शहर होते तसेच बांधावे, तसेच बांधून फक्त अरुंद रस्ते रुंद करावेत, रस्ते रुंद करून घरांची उंचीही कमी करावी, बायशा संपूर्ण मोकळी करून नव्याने आखावी, किंवा ती जागाच सोडून पश्चिमेला बेलेंच्या बाजूला, जेथे हानी कमी झाली होती, नवे शहर वसवावे.

हा पाचवा पर्याय वाचताना मला दर वेळी किल्लारी आठवते. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडची ५२ गावे नव्या जागी हलवण्यात आली, आणि गाव हलवावे की त्याच जागी नीट बांधावे हा प्रश्न तेथील प्रत्येक पारावर बोलला गेला. लिस्बनने राहण्याचा निर्णय घेतला. जमिनींचे मालकी हक्क, बंदर, जकात आणि व्यापाऱ्यांच्या पेढ्या या सगळ्यांनी तो बांधून ठेवला होता. व्यापाऱ्यांनी आयात मालावर चार टक्के जादा कर स्वतःहून स्वीकारला आणि पुनर्बांधणीचा मोठा आधार तोच ठरला. राजवाड्यासमोरच्या चौकाचे नाव बदलून ‘व्यापार चौक’ ठेवले गेले ते उगीच नव्हे. जुन्या माणसांच्या तोंडी मात्र तो आजही ‘तेरेइरू दु पासु’, म्हणजे वाड्यापुढचे पटांगणच आहे. राजा जोझे याने दगडी छपराची इतकी धास्ती घेतली की, तो पुढे आजूदाच्या टेकडीवर लाकडी वाड्यातच राहिला.

चौथा पर्याय निवडला गेला. युजेनियु दुश सांतुश आणि मूळचा हंगेरीचा कार्लुश मार्देल यांनी आराखडे केले आणि १७५८ मध्ये योजना मंजूर झाली. मुख्य रस्ते ६० पाम, म्हणजे सुमारे १३ मीटर रुंद ठरले. रस्त्यांच्या पोटातून गटारे काढली गेली. ढिगारा वाहून नेण्याऐवजी जागेवरच पसरून जमिनीची पातळी उंचावण्यात आली. धंद्यांना रस्ते नेमून दिले गेले: सोनारांचा रस्ता, चांदीकामाचा रस्ता, चांभारांचा, खोगीर करणाऱ्यांचा. ही नावे पाट्यांवर आजही आहेत. दारे, खिडक्या, लोखंडी कठडे ठरावीक मापात एकगठ्ठा तयार होत. आपल्याला सगळे एकाच माणसाने बांधल्यासारखे वाटते, त्याचे कारण हे आहे.

आता या सगळ्याच्या आत काय आहे ते सांगतो, कारण रस्त्यावरून ते दिसत नाही. पहिल्यांदा मी अशा घराच्या दुसऱ्या मजल्यावरील आतल्या भिंतीचा गिलावा काढला तेव्हा सोबतच्या वयस्क गवंड्याने आधी बोटाच्या पेराने भिंत वाजवून पाहिली आणि खडूने एक चौकोन आखला. गिलावा निघाला तसे उभे, आडवे आणि तिरके लाकडी दांडे दिसू लागले, आणि दोन तिरके दांडे एकमेकांना छेदून गुणाकाराची फुली करत होते. फुलीच्या चारही त्रिकोणांत चुन्यात बसवलेले डबर होते, आणि त्या डबरात निळ्या नक्षीच्या फरशीचा एक तुकडा आणि कडेने काळवंडलेला चुनखडीचा दगड होता. भूकंपात पडलेल्या आणि जळलेल्या कोणाच्या तरी घराचा तो अवशेष नव्या घराच्या भिंतीत भरलेला होता. मी तो जागेवरून हलवला नाही.

या लाकडी सांगाड्याला ‘गायोला’, म्हणजे पिंजरा, असे म्हणतात. तळमजला दगडी कमानींचा, दुकानांसाठी आणि आग वर चढू नये म्हणून. त्यावरच्या मजल्यांना हा पिंजरा. अशा फुलीच्या भिंती दोन्ही दिशांना उभ्या असतात, जमिनीच्या तुळया त्यांना जोडतात आणि बाहेरच्या जाड दगडी भिंतींनाही लाकडाने बांधून घेतात. भूकंपात दगडी भिंत ताण सहन करू शकत नाही, ती फाटते. लाकूड ताण घेते, वाकते आणि परत येते. बाहेरच्या भिंतीचा काही भाग निखळून पडला तरी मजले पिंजऱ्यावर तरंगत राहावेत आणि माणसे वाचावीत, असा हा विचार आहे. सांगतात की, याचा नमुना चौकात उभारून त्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवले आणि तो टिकतो का ते पाहिले. शिवाय शेजारच्या दोन घरांमधील भिंत छपराच्याही वर काढली, म्हणजे आग एका घरातून दुसऱ्यात जाणार नाही. पुण्यातील वाड्यांत दगडी जोत्यावर लाकडी सांगाडा असतोच, पण तेथे सहसा उभे खांब आणि आडव्या तुळया असतात. आडवा धक्का पेलणारी ती तिरकी फुली नसते. सगळा फरक त्या दोन दांड्यांचा आहे.

आणि याच्याही खाली पाइनच्या लाकडाच्या मेखा आहेत, साधारण दीड मीटर लांबीच्या. त्या खडकापर्यंत पोहोचत नाहीत. गाळ आणि भराव दाबून घट्ट करणे एवढेच त्यांचे काम. त्या कायम पाण्याखाली असल्यामुळे अडीचशे वर्षांनंतरही शाबूत आहेत, कारण हवा मिळाली नाही तर लाकूड कुजत नाही. पाण्याची पातळी खाली गेली की मात्र धोका सुरू होतो. बायशात कोणी तळघर खणायचे म्हटले की माझा पहिला प्रश्न पाण्याविषयी असतो तो यासाठी.

याच काळात पोंबालने देशभरच्या धर्मग्रामांना, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतील वस्त्यांना, एक प्रश्नावली पाठवली: धक्का किती वेळ टिकला, कोणत्या दिशेने जास्त जाणवला, समुद्र आधी मागे गेला की पुढे आला, जमिनीला भेगा पडल्या का, किती माणसे मेली. दैवी कोपाची चर्चा युरोपभर चालू असताना मोजून विचारलेले हे प्रश्न आहेत, आणि त्यांची अनेक उत्तरे राष्ट्रीय दप्तरखान्यात जपलेली आहेत. भूकंपशास्त्रज्ञ आजही त्यांवरून हिशेब करतात.

पुढच्या दोन शतकांवर मी थोडक्यात येतो. १८०७ च्या नोव्हेंबरअखेरीस नेपोलियनचे सैन्य शहरात शिरण्याच्या आदल्या दिवशी राजदरबार जहाजांवर चढून ब्राझीलला गेला. १८३४ मध्ये धर्मसंघ विसर्जित झाले आणि त्यांचे मठ सरकारी झाले. आजची संसद अशाच एका जुन्या मठात भरते. १९०८ मध्ये राजा कार्लुश आणि त्याचा थोरला मुलगा यांची वाड्यापुढच्या त्याच पटांगणात हत्या झाली, १९१० मध्ये प्रजासत्ताक आले, आणि पुढे सालाझारची दीर्घ हुकूमशाही. १९६१ च्या डिसेंबरमध्ये गोवा मुक्त झाला, पण लिस्बनने ते मान्य केले ते २५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतरच. क्रांतीच्या दिवशी सैनिकांचे रणगाडे आधी तेरेइरू दु पासुवर आले आणि हुकूमशाहीचा शेवटचा पंतप्रधान कार्मूच्या छप्पर नसलेल्या मठाला लागून असलेल्या छावणीत शरण आला. २००७ ते २०१५ या काळात शहराचे महापौर आणि नंतर देशाचे पंतप्रधान झालेले आंतोनियु कॉस्ता यांचे वडिलांकडचे घराणे गोव्याचे आहे.

बांधकामाच्या दृष्टीने या काळात एक वाईट गोष्ट घडली आणि ती मला मनापासून खुपते. भूकंपाची आठवण जसजशी विझली, तसतसा पिंजरा हलका होत गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तरेकडे नवे रुंद रस्ते निघाले आणि भाड्याने देण्यासाठी उंच घरे भराभर बांधली गेली. त्यांत फुल्या जवळपास नाहीशा झाल्या, लाकूड बारीक झाले आणि जोड निव्वळ खिळ्यांवर आले. या घरांना लोक ‘गायोलेइरू’ म्हणतात आणि त्या शब्दात तिरस्कार आहे. बायशातही जुन्या घरांवर मजले चढवले गेले, दुकानासाठी तळमजल्याचे खांब कापले गेले, न्हाणीघराचा नळ नेण्यासाठी फुलीचा एक दांडा करवतीने तोडला गेला. मी तपासलेल्या एका इमारतीत मालकाने पर्यटकांच्या खोल्या मोठ्या करण्यासाठी सलग तीन मजल्यांवरील फुलीच्या भिंती काढून टाकल्या होत्या आणि बाहेरून घर अगदी रंगीत, देखणे दिसत होते. १९६९ च्या फेब्रुवारीत अटलांटिकमध्ये मोठा भूकंप झाला तेव्हा लिस्बनचे नुकसान मर्यादित राहिले, आणि १९८८ च्या ऑगस्टमध्ये शियादूत आग लागून १८ इमारती जळाल्या तेव्हा पुनर्रचनेचे काम आल्वारु सिझा या वास्तुविशारदाने संयमाने केले. परंतु १७५५ सारखी परीक्षा या पिंजऱ्यांची पुन्हा झालेली नाही, आणि ती होईल तेव्हा प्रत्येक तोडलेला दांडा हिशेबात येईल.

एक लहानशी गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. कामाच्या जागेवर पहिल्या आठवड्यात गवंड्याने ‘बाल्द’ मागितली आणि मी न विचारता त्याला बादली दिली. मोजायची फीत तेथे ‘फीता’ आहे, चावी ‘शाव’ आहे आणि मुख्य कारागीर ‘मेश्त्र’, म्हणजे आपला मेस्त्रीच. चारशे वर्षांपूर्वी गोदीवरून, जहाजावरून, वसई-गोव्याच्या बांधकामांवरून हे शब्द आपल्याकडे आले. बहुतेक सगळे कामकऱ्यांचे शब्द आहेत.

आता प्रवासाविषयी. किल्ल्यापासून सुरुवात करावी आणि उतरत यावे: रोमन नाट्यगृह, कॅथीड्रल, आल्फामाचे बोळ. मग बायशा. तेथे ‘रुआ दुश कोरेइरुश’ या रस्त्यावर एका बँकेच्या इमारतीखाली उत्खनन जपलेले आहे. एकाच तळघरात लोहयुगातील अवशेष, मासे खारवण्याचे रोमन हौद आणि मायाच्या काळातील पाइनच्या मेखा अशा शेजारी शेजारी दिसतात. तासभर द्यावा. त्यानंतर कार्मू, तेथे छप्पर मुद्दाम पुन्हा घातलेले नाही आणि कमानींच्या फासळ्यांमधून आकाश दिसते.

रुआ दा प्रातामधील रोमन भुयारे मात्र वर्षातून थोडेच दिवस, बहुधा एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये उघडतात, कारण एरवी त्यांत पाणी असते आणि ते उपसल्याशिवाय आत जाता येत नाही. आपण वसंतात जात आहात, म्हणून एप्रिलच्या मध्याचा बेत करावा आणि नोंदणी सुरू होताच जागा राखून ठेवावी. उतरण्याची वाट भर रस्त्यातल्या एका झाकणातून आहे. त्या वेळेपुरती वाहतूक अडवतात. खाली गेल्यावर पायाखालच्या ओल्या फरशीकडे पाहावे. मुख्य भुयाराला एक लांब भेग आहे आणि तिच्यातून पाणी सतत झिरपत राहते, कारण बुजवलेला तो फाटा अजून वाहतोच आहे.